सिम एकीचं, नेट वाडीचं

चिखल्याच्या चिकूवाडीतली ती केस माझ्या मनातून अजून उतरलेली नाही. नोकरीत मारामाऱ्या पाहिल्या, घरफोड्या पाहिल्या, महामार्गावरचे अपघात तर किती उचलले त्याचा हिशोब नाही. पण कोणी विचारलं की एखादी केस सांगा, तर तोंडात हीच येते. हिच्यात रक्ताचा थेंब नाही, पळापळ नाही. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही. त्यातली माणसं इथंच राहतात, बाजारात भेटतात, आणि मलाही इथंच राहायचं आहे.

मी मूळचा लातूरकडचा. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ठाणे जिल्ह्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि पुढे पालघर वेगळा जिल्हा झाला तेव्हा इकडचाच राहिलो. समुद्र पहिल्यांदा डहाणूत पाहिला. इथल्या लोकांची बोली मला वर्षभर नीट कळत नव्हती, आणि माझी त्यांना. तरी पहिल्या घरमालकिणीनं भाड्याआधी जेवण विचारलं होतं, हे मी विसरलेलो नाही. स्वभाव माझा काळजीचा. घराला कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघणारा मी. पोलीस खात्यात या स्वभावाची थट्टा होते, पण कागद तपासायच्या कामाला तो बरा पडतो. म्हणून असेल, हवालदार झाल्यावर साहेबांनी चारित्र्य पडताळणीचं टेबल माझ्याकडे दिलं. सरकारी नोकरी लागलेल्या माणसावर गुन्हा दाखल आहे का, हे आमच्या ठाण्यातून कळवल्याशिवाय त्याला नेमणूक मिळत नाही. दुसरं काम आठवडी बाजाराचा बंदोबस्त. ही दोन्ही कामं या केसमध्ये एकत्र आली.

सिम घालून कॉम्प्युटरला जोडायच्या डोंगलचा जमाना होता. एक दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका ठाण्यात आल्या. बाहेरगावच्या, खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या. कोणीतरी त्यांच्या नावाचं, त्यांचा फोटो लावलेलं खोटं खातं उघडलं होतं आणि त्यावरून गावातल्या पालकांना घाणेरडे मेसेज जात होते. बाई खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या.

"काल एका मुलीच्या आजीनं तिला माझ्या वर्गातून उठवून नेलं," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू त्यांना? मी नाही म्हणून?"

मी जबाब लिहायला घेतला. मेसेज कधी येतात, विचारलं.

"दिवसाच. शाळा चालू असते तेव्हा. रोज." मग थांबून म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी तेवढी शांतता असते."

मी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. बाजाराच्या दिवशी अख्खा तालुका बाजारात असतो, त्यात काय विशेष, असं वाटलं.

गुन्हा दाखल झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकांनी करायचा असतो, त्यामुळे तपास आमच्या साहेबांकडे आणि धावपळ माझ्याकडे. जिल्ह्याच्या सायबर शाखेत एक तरुण महिला शिपाई होती. तिनं कंपन्यांशी पत्रव्यवहार करून उत्तर आणलं. ते खातं चालवलं जात होतं चिखल्यातल्या एका डोंगलवरून. सिम कोणाच्या नावावर, तेही आलं.

ते नाव मी दोनदा वाचलं. त्याच नावाचा कागद माझ्या टेबलावर होता. चिखल्यातल्या बागायतदाराची मुलगी, तलाठी म्हणून निवड झालेली, पडताळणी आमच्याकडे आलेली. आधल्याच आठवड्यात ती स्वतः ठाण्यात येऊन गेली होती. चुलत भाऊ तिला मोटरसायकलवरून घेऊन आला होता. "काका, उशीर नाही ना होणार?" असं तिनं दोनदा विचारलं होतं. मला काका म्हणणारी माणसं ठाण्यात फार येत नाहीत.

साहेबांसमोर कागद ठेवला.

"झालं की मग," साहेब म्हणाले. "सिम तिचं, कॉम्प्युटर तिचा. उचला."

"साहेब, तिची पडताळणी आहे आपल्याकडे. आरोपी म्हणून नाव गेलं, तर नेमणूक गेली."

"मग काय तक्रारदार बाईंना सांगू, की आरोपीला नोकरी लागायची आहे, जरा थांबा?"

"तसं नाही साहेब. पण ती असं का करेल, तेवढं तरी बघू."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मराठवाडा, तुम्ही काळजी करून करून एक दिवस आजारी पडणार." पण जीप काढायला सांगितली.

ठाण्यातली एक महिला शिपाई बरोबर घेऊन आम्ही वाडीवर गेलो. रस्त्याला लागून शेड, तिच्यामागे चिकूची झाडं, आत घर. शेडमध्ये काम चालू होतं. गंजाडकडून टेम्पोनं आलेल्या बायका चिकू पाण्यात घासून धूत होत्या, आकारानुसार वेगळे करत होत्या. आम्हाला पाहून हात थांबले. मुलीचे वडील पुढं आले, आम्हाला घरात नेलं. चुलत भावानं पाणी आणून दिलं. तिशीतला माणूस, नीट भांग पाडलेला, अदबशीर.

कॉम्प्युटर माडीवर होता. डोंगल वायरला बांधून खिडकीच्या गजाबाहेर लोंबत सोडलं होतं, कारण वाडीत रेंज मिळायची ती तेवढ्याच एका जागी. आणि कॉम्प्युटरमधून निघालेली दुसरी एक वायर खिडकीतून बाहेर, कौलांवरून, दोन चिकूच्या झाडांवरून थेट शेडपर्यंत गेली होती.

"ही कुठं चालली?" साहेबांनी विचारलं.

"शेडमधल्या राउटरला," मुलगी म्हणाली. "डोंगलचं नेट कॉम्प्युटरमध्ये येतं. कॉम्प्युटर ते राउटरला देतो, राउटर सगळ्या मोबाइलला. कॉम्प्युटर बंद केला की सगळ्यांचं बंद. म्हणून मी सकाळीच चालू करून ठेवते."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?"

उत्तर वडिलांनी दिलं. "आता कोणाचं म्हणून सांगू साहेब? भाव मोबाइलवर येतो ना. वापीचा येतो, दिल्लीचा येतो. शेजारचे वाडीवाले येतात बघायला. टेम्पोवाला येतो."

"पासवर्ड कोणाकोणाला दिला?"

"दिला म्हणजे काय, खांबावर लिहून ठेवलाय. मोठ्या अक्षरात. दर वेळेला कोण सांगत बसणार?"

साहेबांचं कपाळ आक्रसलेलं मला दिसलं. मुलीला खोटं खातं दाखवलं तेव्हा ती रडायला लागली. त्या बाई तिच्या ओळखीच्या होत्या. परीक्षेची पुस्तकं तिनं त्यांच्याकडूनच नेली होती. पण रडणं हा पुरावा नाही, आणि साहेब ते बरोबरच म्हणाले. जीपमध्ये बसताना त्यांनी सांगितलं, "खांबावर पासवर्ड आहे म्हणून आरोपी सुटत नाही. या बाजारानंतर कॉम्प्युटर जप्त करायचा आणि तिचं नाव घ्यायचं. तोवर दुसरं काही मिळालं तर आणा."

मी सायबरवाल्या मुलीला फोन केला. डोंगलमागे कोण कोण होतं, ते वेगळं काढता येईल का, विचारलं. ती म्हणाली, "हवालदार, बाहेरून बघितलं तर ते सगळे मोबाइल मिळून एकच दिसतात. मला दार दिसतं. आत कोण बसलंय, ते तुम्हालाच बघावं लागेल."

बाजाराच्या दिवशी मी बंदोबस्त जोडीदारावर सोपवला आणि साध्या कपड्यांत चिखल्यावरून झाईला जाणाऱ्या एसटीत बसलो. मुलीशी शांतपणे बोलायचं होतं, आणि त्या दिवशी शेडमध्ये बघायला कोणी नसणार, एवढाच माझा विचार. कंडक्टर ओळखीचा होता.

"काय साहेब, चिखल्याला? नेट पकडायला?"

"कसलं नेट?"

"तुम्हाला माहीतच नाही? त्या शेडपाशी गाडी थांबली की अख्ख्या गाडीचे मोबाइल टुणटुण वाजतात. काही जण तर मुद्दाम खिडकीत बसतात. ड्रायव्हर पण दोन मिनिटं जास्त थांबतो, त्याचे पण मेसेज यायचे असतात ना."

गाडी शेडपाशी थांबली. मी कान देऊन बसलो. एकही मोबाइल वाजला नाही.

"आज नाही वाजायचं," कंडक्टर म्हणाला. "आज बाजार. मजूर नाहीत, शेडला कुलूप. बटणच बंद करून जातात ते. उतरताय ना?"

मी उतरलो आणि तिथंच थांबलो. शिक्षिकाबाईंचं वाक्य कानात वाजत होतं. बाजाराच्या दिवशी शांतता असते.

शेडला खरंच कुलूप होतं. मी घरी गेलो. दारात मुलीची आई होती, ती मला माडीवर घेऊन गेली. मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलेली. पडद्यावर महसूल कायद्यावरचा एक व्हिडिओ चालू होता. नेट सुरू होतं.

"आज शेड बंद असून तुझं नेट चालतं?"

"माझं कशाला बंद होईल काका? डोंगल तर इथं आहे. शेडचा राउटर बंद असला की खालचं बंद." मग ती हळूच म्हणाली, "बाजाराच्या दिवशीच जरा बरं चालतं. बाकी दिवस सगळे ओढतात."

"बाजाराच्या दिवशी तू घरीच असतेस?"

"अभ्यास करायचा म्हणून घरीच असायची. विचारा आईला."

रेंज मिळायची त्या खिडकीपाशी उभा राहूनच मी सायबर शाखेला फोन लावला. खातं कोणकोणत्या दिवशी वापरलं गेलं, ते बाजाराच्या दिवसांशी जुळवून बघ म्हटलं. सायबरवाली मुलगी फोन चालू ठेवून बघत होती.

"एकाही बाजाराच्या दिवशी नाही," ती म्हणाली. "थांबा, सुरुवातीपासून बघते. नाही. एकही नाही. का हो?"

मुलगी बाजाराच्या दिवशीही नेटवर असायची. खातं मात्र त्या दिवशी मुकं. म्हणजे खातं चालवणारा माणूस माडीवर नव्हता, तो शेडच्या राउटरवर होता. मी साहेबांना फोनवरच हे सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "या इकडे. चहा घेऊ आणि बोलू." आमच्या साहेबांनी चहा म्हटलं की रागावलेले नाहीत असं समजायचं.

आता शेडमधला कोण, हा प्रश्न होता. साहेबांनी मोकळीक दिली. दुसऱ्या दिवशी मी पडताळणीसाठी शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे असं सांगून शेडमध्ये जाऊन बसलो. जबाब खरंच घ्यायचे होते, त्यामुळे खोटं काही बोलावं लागलं नाही.

चिकूचं काम मी जवळून पहिल्यांदाच पाहिलं. फळाच्या देठातून पांढरा चीक येतो. तो हाताला लागला की चिकटून बसतो, मग काळा पडतो, तेल चोळल्याशिवाय निघत नाही. बायकांची बोटं काळी, चिकट. त्यांचे मोबाइल एका फळीवर ओळीनं ठेवलेले. मध्येच एक वाजला. रेंज नसल्यानं इथं कॉलही नेटवरूनच येत.

"दादा, उचल ना रे," एक बाई बसल्या जागेवरून ओरडली. "माझ्या पोराचा असंल."

चुलत भाऊ उठला. त्यानं मोबाइल उचलला, बटण दाबलं आणि तिच्या कानाला धरला. ती मान वाकडी करून बोलली. मग त्यानं तो परत फळीवर ठेवला.

"तुम्ही नाही का उचलत?" मी विचारलं.

"या हातानं?" तिनं दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. सगळ्या बायका हसल्या. "चीक लागला की तो मोबाइल आमाला वळखत नाय. मालकाचा पुतण्या हाय ना, तो उचलतो सगळ्यांचे. त्येचे हात साहेबाचे."

पुतण्याही हसला. त्याचं काम तयार पेट्यांना पट्टी लावायचं आणि मोबाइलवर भाव बघून काकांना सांगायचं. दिवसभर शेडमध्ये स्वच्छ हातांचा माणूस तो एकटाच. टेम्पोवाला माल भरायच्या वेळेला येई आणि निघून जाई. एसटी तर दोन मिनिटांची. शेजारी भाव बघून जात. मला आठवलं, मुलीबरोबर ठाण्याच्या बाकड्यावर बसलेल्या या माणसाची बोटं मी पाहिली होती. वाडीतला माणूस असून बोटांवर डाग नाही, एवढं जाणवलं होतं. त्या वेळी वाटलं, मुलीच्या कामासाठी स्वच्छ धुऊन आला असेल.

साहेबांनी त्याला ठाण्यात बोलावलं. सुरुवातीला त्याला काहीच माहीत नव्हतं. साहेबांनी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो खाली बघून बसला. "नेट सगळेच वापरतात साहेब. कोणी केलं असंल, मला काय माहीत?" हेच पुन्हा पुन्हा.

माझा अनुभव असा की, माणूस एकच वाक्य धरून बसला की त्या वाक्यावरच त्याचा भरवसा असतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, तो भरवसा काढून घ्यावा लागतो. साहेबांची परवानगी घेऊन मी माझ्या टेबलावरून पडताळणीचा कागद आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"हे कोणाचं नाव आहे?"

"माझ्या बहिणीचं."

"नेट सगळ्यांचं आहे, बरोबर. पण सिम हिचं आहे. कंपनीनं आम्हाला हिचं नाव कळवलं. उद्या आरोपी म्हणून हिचंच नाव जाणार."

त्यानं मान वर केली. "तिचं का? तिनं काय केलंय?"

"ते तू सांग. या रिकाम्या जागेत मला लिहायचं आहे, गुन्हा आहे की नाही. तू तिला इथं घेऊन आला होतास ना? तूच सांग काय लिहू."

त्यानं कागद जवळ ओढून ती रिकामी जागा पाहिली. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. "तिचं नाव येतं हे मला माहीत नव्हतं हो," तो म्हणाला. "नेट सगळ्यांचं, म्हणून वाटलं कोणाचंच नाव येत नसंल."

बाकीचं साधं होतं. त्यानं एका नातेवाइकामार्फत शिक्षिकाबाईंना लग्नाचं विचारलं होतं. बाईंनी नाही म्हटलं. हसून नाही म्हटलं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पंचांसमोर मोबाइल जप्त केला. त्यात ते खातं उघडंच सापडलं. तो आरोपी झाला, दोषारोपपत्र गेलं, पुढे न्यायालयात जे व्हायचं ते झालं.

पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही आढळून आले नाही' असं मी लिहिलं. साहेबांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "घ्या मराठवाडा, आता तरी झोपा." त्यांनी त्या दिवशी मला बाजारापर्यंतची मुदत दिली नसती, तर माझ्या काळजीचा कोणाला काही उपयोग झाला नसता. मी हे त्यांच्या निरोप समारंभात सांगायचं ठरवलं होतं, पण माइकसमोर जमलं नाही. इथं लिहितो.

शाळेत साहेब स्वतः पालकांच्या बैठकीला गेले आणि खातं कोणी चालवलं ते सांगितलं. ती आजी दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहिली. बाईंनी मुलीला आत घेतलं, एवढंच. बाई पुढं बदली होईपर्यंत त्याच शाळेत होत्या.

वाडीवर मात्र दोन भावांच्या घरांत बोलणं बंद झालं. मुलीच्या वडिलांनी कोयता घेतला आणि वायर तोडायला निघाले. मी जप्तीच्या एका कागदावर सही घ्यायला गेलो होतो, त्यामुळे हे माझ्यासमोर घडलं.

"नको ते नेट नि बिट," ते म्हणाले. "आपल्या घरातून जायचं आणि आपल्यालाच डसायचं."

मुलगी पायरीवर उभी होती. "बाबा, सिम माझ्या नावावर आहे. ठेवायचं का तोडायचं, ते मी ठरवणार."

"अजून हौस आहे तुला?"

"उद्या बायकांना पोरांचे फोन कुठून येणार? तुम्ही देणार रेंज?" शेडमधल्या बायकांनी हातातलं काम थांबवलं होतं. "खांबावरचा पासवर्ड पुसा. ज्याला पाहिजे त्यानं माझ्याकडे यायचं. मोबाइल मी जोडून देणार, आणि कॉम्प्युटरमध्ये त्याच्यापुढं नाव लिहिणार. कोण आत आहे ते मला दिसलं पाहिजे."

वडिलांनी कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा साहेब, अजून तलाठी झाली नाही तर ही अशी." आवाजात राग नव्हता.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच, की कागदावरचं नाव हे दारावरच्या पाटीसारखं असतं. घर कोणाचं ते कळतं, आत कोण आलं-गेलं ते कळत नाही. त्यासाठी जाऊन बसावं लागतं, हात बघावे लागतात. पुढं नव्या शिपायांना मी हेच सांगत आलो, की कंपनीचं उत्तर आलं म्हणजे तपास संपला असं नाही, तिथून तो सुरू होतो. आणि दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. आपण वाटून वापरतो त्या वस्तूवर कोणा एकाचं नाव असतं, आणि भोगावं त्यालाच लागतं. वाटायला हरकत नाही. कोणाला वाटतो ते माहीत पाहिजे.

सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मुलं म्हणतात गावाकडे चला. अजून पाय निघत नाही. मुलगी आता तलासरीकडे तलाठी आहे, सुट्टीला वाडीवर येते. मागच्या हंगामात झाईच्या गाडीतून जात होतो. गाडी शेडपाशी थांबली आणि माझा तोच जुना मोबाइल वाजला. एकट्या माझाच. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले, तसा मी गडबडून खाली उतरलो.

ती शेडमध्येच होती. मी मोबाइल पुढं धरला. "अगं, हा आपोआप कसा जोडला गेला? कोणी काही केलंय का?"

"तुम्ही सही घ्यायला आलात त्या दिवशी मीच जोडला होता. रेंज नव्हती म्हणून तुम्ही दिला होता ना माझ्याकडे." ती हसली. "राउटर नवीन घेतला तरी पासवर्ड तोच आहे, आणि यादीत तुमचं नाव ठेवलंय."

"काय नाव ठेवलंयस?"

तिनं तिच्या मोबाइलवर दाखवलं. टेम्पोवाला होता, गंजाडच्या बायका होत्या, शेजारची वाडी होती. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'काका, लातूर'.

"डहाणू लिही," मी म्हणालो.

तिनं तिथल्या तिथं बदललं.